एका हबकॅपवरून बंद पडलेल्या मोटार कंपनीचा इतिहास कसा काढावा

सांगलीत वखारभागात माझं लेथचं दुकान आहे, १९८८ पासून. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या अण्णा मिस्त्रींच्या बाकावर एक पितळी टोपी असायची. मोटारीच्या चाकाच्या मधोमध बसते ती, हबकॅप. अण्णा तिच्यात बारके वॉशर ठेवायचे. निकेलचा मुलामा बराचसा उडालेला, एका कडेला हातोडीचा घाव, आणि मध्ये उठावाची पाच इंग्रजी अक्षरं: सी, एल, वाय, एन, ओ. क्लायनो. १९९८ साली अण्णांनी काम सोडलं तेव्हा ती टोपी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "विलायती मोटारीची आहे. कुठली, काय, बघ कधीतरी."

ते 'कधीतरी' यायला एकवीस वर्षं लागली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं आणि दुकानात छातीभर गाळपाणी शिरलं. पूर ओसरल्यावर आठ दिवस खोऱ्याने चिखल ओढत होतो, त्यात ती टोपी निघाली. त्या दिवशी ठरवलं की आता हिचं मूळ काढायचंच. पुढच्या वर्षी लॉकडाउनमध्ये लेक पुण्याहून घरी आली होती. इंग्रजीची बाजू तिने सांभाळली, मापांची मी. चार महिन्यांत चाळीस पानी वही भरली.

ब्रिटनमध्ये मोटारीच्या सुरुवातीच्या काळात शेकड्यांनी कंपन्या निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक पाच-दहा वर्षांत मिटल्या. त्यांच्या वस्तू मात्र आपल्याकडे वाड्यांच्या माळ्यावर, भंगाराच्या दुकानात, गॅरेजच्या खणात अजून सापडतात. कुणाकडे दिव्याचं कडं असेल, कुणाकडे रेडिएटरची पाटी. ती घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवण्याआधी तिचा इतिहास कसा काढायचा, ते मला जमलं तसं इथे सांगतो. उदाहरण माझ्या टोपीचंच घेतो, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही.

आधी माप, मग नाव

पहिली गोष्ट: बफ मारू नका. पॉलिश पेपर, चिंच, राख, काहीही लावू नका. निकेलचा उरलेला थर, आतल्या बाजूचं जुनं ग्रीस, छिन्नीच्या खुणा हाच तुमचा पुरावा आहे. मऊ ब्रशने माती झटका, थोडं रॉकेल लावून चिंधीने टिपा, बस्स. मग दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि शेजारी पोलादी पट्टी ठेवा.

नंतर आटे मोजा. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६० चा. टोपीच्या आतल्या आट्यांवर मी ६० चा पिच गेज, म्हणजे आटे मोजायचं दातेरी पातं, धरला तर तो डुलत होता, मागून उजेड दिसत होता. ५५ चा धरला आणि तो दाताला दात लागून बसला, उजेडाची रेघसुद्धा नाही. माल ब्रिटिश असल्याची ती पहिली खात्री. बारीक आट्यांचं ब्रिटिश प्रमाण, म्हणजे बीएसएफ, १९०८ मध्ये आलं. व्हिटवर्थचं मूळ प्रमाण त्याच्या खूप आधीचं, १८४१ चं. त्यामुळे इंचाला आटे किती आहेत ते मोजून ठेवलं की पुढे तुलना करता येते.

पण एवढ्यावर निकाल देऊ नका. मॉरिस गाडीचं उदाहरण बघा. गाडी अस्सल ऑक्सफर्डची, तरी इंजिनाचे आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी मात्र व्हिटवर्थ पान्याची. कारण ते इंजिन कव्हेंट्रीत हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कारखान्यात बनायचं आणि तिथली यंत्रं मेट्रिक होती. नुसते आटे पाहिले असते तर कुणीही तिला फ्रेंच गाडी ठरवून मोकळा झाला असता. म्हणून आटे, धातू, अक्षरांचं वळण आणि मुलामा, या सगळ्यांची साक्ष एकत्र घ्यायची.

नावाचा माग

नाव वाचता आलं की लोक लगेच मोबाइलवर शोधतात आणि पहिलं जे येईल ते उतरवून घेतात. तिथे दोन फसगती आहेत.

गाडीचं नाव आणि कंपनीचं नाव वेगळं असू शकतं. ग्लासगोची अर्गाइल गाडी सुरुवातीला बनवायची होझियर इंजिनिअरिंग कंपनी. गाडीच्या नावाने शोधाल तर जाहिराती सापडतील, कंपनीच्या नावाने शोधाल तर कागदपत्रं. दोन्ही नावांनी शोधा, सोबत गावाचं नाव जोडा.

दुसरी फसगत अशी की कंपनी एकदाच मरत नाही. अर्गाइलचंच बघा. अलेक्झांडर गोव्हन यांनी ती उभी केली. १९०६ मध्ये लॉक लोमंड सरोवराजवळ अलेक्झांड्रिया गावी राजवाड्यासारखा कारखाना बांधला. १९०७ मध्ये गोव्हन वारले, १९०८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत. १९१० मध्ये नव्या कंपनीने तेच नाव घेऊन पुन्हा सुरुवात केली. इंजिनाच्या स्लीव्ह व्हॉल्व्हवरून कोर्टकज्जा झाला, तो त्यांनी जिंकला, पण त्या खर्चाने कंबरडं मोडलं, आणि १९१४ मध्ये पुन्हा सगळं बंद. आता 'अर्गाइल कधी बंद पडली' याला एक उत्तर कसं देणार? वहीत प्रत्येक सालासमोर लिहा: काय बंद झालं? गाड्या बनणं, कारखाना, की कागदावरची कंपनी? या तीन गोष्टी बहुतेक वेळा तीन वेगवेगळ्या सालांत होतात.

शोधायच्या जागा सांगतो. ग्रेसेस गाइड नावाचं ब्रिटिश उद्योगांच्या इतिहासाचं मोठं संकेतस्थळ आहे, सुरुवात तिथून करा. मग त्या गावाच्या स्थानिक इतिहास मंडळाकडे जा. क्लायनोचं गाव निघालं इंग्लंडमधलं वुल्व्हरहॅम्प्टन, तिथल्या लोकांनी आपल्या कारखान्यांचा इतिहास इतक्या जिव्हाळ्याने जपून ठेवला आहे की वाचताना मला किर्लोस्करवाडीची आठवण येत होती. जुन्या कामगारांच्या आठवणी, फोटो, शॉपची मांडणी, सगळं आहे. 'द ऑटोकार' हे साप्ताहिक १८९५ पासूनचं, त्याचे जुने अंक आणि जाहिराती शोधा. 'लंडन गॅझेट' हे सरकारी राजपत्र फुकट पाहता येतं. कंपनी बुडाली की धनकोंच्या सभेची नोटीस त्यात छापून यायची. आणि लंडनमध्ये क्यू इथे ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे, तिथे बीटी ३१ या क्रमांकाखाली विसर्जित कंपन्यांच्या फायली आहेत. सगळ्या कंपन्यांच्या राहिलेल्या नाहीत, पण फाइल असलीच तर भागधारकांची नावं, पत्ते, धंदे, भांडवल हे सगळं मिळतं. यादी घरबसल्या चाळता येते, नक्कल मागवायला पैसे पडतात.

वहीत पान आखताना मी तीन रकाने केले: काय लिहिलंय, कुठे लिहिलंय, मी ते कशावरून तपासलं. तिसरा रकाना रिकामा असेल तर ती ओळ पेन्सिलीतच ठेवायची. अण्णा म्हणायचे की ही टोपी एका संस्थानिकाच्या गाडीची आहे. ऐकायला फार गोड वाटतं. पण ते पान मी वेगळ्या वहीत ठेवलं, कारण ऐकीव गोष्ट आणि मोजलेली गोष्ट एका रकान्यात बसवली की दोन्हींचा भरवसा जातो.

नावामागची पुली

क्लायनोचं नाव कुठून आलं हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका मी खूश होतो. फ्रँक आणि एलविन स्मिथ हे दोघे चुलत भाऊ. नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये थ्रॅप्स्टन नावाचं छोटं गाव आहे, तिथे ते पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रांसाठी पुली बनवायचे. त्या पुलीचे गाल उतरते असायचे. 'उतरता, कललेला' या अर्थाच्या 'इन्क्लाइन्ड' या इंग्रजी शब्दातून क्लायनो हे नाव आलं.

मी आयुष्यभर पुल्याच केल्या आहेत. कडबा कुट्टीच्या, पिठाच्या गिरणीच्या, आणि सांगली म्हटल्यावर हळद पॉलिशच्या ड्रमच्या. त्यामुळे हे चित्र मला वाचता वाचताच दिसलं. समजा, पुलीचे दोन गाल सुटे आहेत आणि दोन्ही आतून उतरते, म्हणजे मधली खोबण इंग्रजी व्ही अक्षरासारखी. पट्टाही कडांनी तसाच उतरता. गाल एकमेकांजवळ ढकलले की पट्टा फटीतून वर चढतो, मोठ्या घेरावर फिरतो. गाल लांब केले की पट्टा खाली बसतो, लहान घेरावर फिरतो. पुली तीच, पण घेर बदलला म्हणून वेगाचं प्रमाण बदललं. गिअरची चाकं न बदलता गिअर बदलला. आज आपल्या दारात उभी असलेली गिअरलेस स्कूटर उघडून बघा, व्हेरिएटरमध्ये हेच दोन उतरते गाल सापडतील.

इतिहास काढणाऱ्याने हे जरूर करावं. कंपनीची पहिली वस्तू कोणती होती ते शोधा आणि ती कशी चालायची ते स्वतःच्या हाताने समजून घ्या. मी एका रविवारी बीडाच्या भंगार पुलीचे दोन गाल लेथवर कापून तो खेळ करून पाहिला. लेकीने त्याचा व्हिडिओ काढला. कंपनीची हुशारी कशात होती हे मग मला कुणी सांगावं लागलं नाही.

पुढची वाट सरळ आहे. पुलीवरून स्मिथ बंधू मोटारसायकलीकडे वळले, १९०९ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात गाड्या मांडल्या. इंजिनं घेतली वुल्व्हरहॅम्प्टनच्या स्टीव्हन्स बंधूंकडून. हे स्टीव्हन्स म्हणजे एजेएस मोटारसायकलवाले, हे नाव लक्षात ठेवा. १९१० मध्ये क्लायनो वुल्व्हरहॅम्प्टनला पेलहॅम स्ट्रीटवर आली. पहिल्या महायुद्धात व्हिकर्स मशीनगन बसवलेल्या साइडकारसह त्यांच्या मोटारसायकली लष्कराला गेल्या. १९२२ मध्ये कंपनीची फेररचना झाली आणि पहिली मोटार निघाली.

एक सवय लावून घ्या: आपल्याकडची सालं शेजारी लिहीत चला. १९१० मध्ये क्लायनो पेलहॅम स्ट्रीटला आली, त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवायला घेतली. अशी जोडी मांडली की तो काळ परका राहत नाही. वाचणारा लगेच मनात धरतो की हो, तेव्हा इथे नांगर ओतले जात होते आणि तिथे मोटारसायकली.

आकड्याला आकडा लावून बघा

जुन्या माहितीत चुका भरपूर असतात, एकाने चुकीचं लिहिलं की दहा जण तेच उतरवतात. त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे, गणित.

क्लायनोची पहिली मोटार १०.८ हॉर्सपॉवरची, इंजिन कव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीचं, चार सिलिंडर, १३६८ सीसी, असं लिहिलेलं सापडलं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६६ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, १००. आता तपासा. ६६ चा निम्मा ३३, ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९, त्याला ३.१४१६ ने गुणा, स्ट्रोक १०० ने गुणा, चार सिलिंडर म्हणून चारने गुणा, हजाराने भागा. १३६८ येतात. आकडे एकमेकांना धरून आहेत.

हॉर्सपॉवरचं काय? इथे पुष्कळ जण चुकतात. त्या काळी ब्रिटनमध्ये गाडीच्या नावातला हॉर्सपॉवर म्हणजे इंजिनाची खरी ताकद नव्हे. तो आरएसी या मोटार संघटनेने ठरवलेला हिशेब होता: बोअर इंचांत घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरच्या संख्येने गुणा, अडीचने भागा. ६६ मिलिमीटर म्हणजे २.५९८ इंच. वर्ग ६.७५. चारने गुणून २७. अडीचने भागून १०.८. बरोब्बर! हा आकडा जुळला तेव्हा मी लेकीला आतल्या खोलीतून हाक मारून बोलावलं आणि वहीतली पेन्सिलची ओळ तिच्यासमोर पेनाने पक्की केली.

या हिशेबाला महत्त्व का, तर १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीचा वार्षिक कर याच आकड्यावर होता, प्रत्येक हॉर्सपॉवरला एक पौंड. हिशेबात स्ट्रोक येतच नाही. म्हणून तिथले कारखानदार बोअर बारीक आणि स्ट्रोक लांब ठेवायचे, त्या पिढीची ब्रिटिश इंजिनं उभट दिसतात ती त्यामुळे. मॉरिस काउली ११.९ ची होती, क्लायनो १०.८ ची, म्हणजे करात वर्षाला एक पौंड वाचायचा. पगारदार गिऱ्हाइकाला एक पौंडसुद्धा दिसतो.

तुमच्या वस्तूच्या कंपनीचा बोअर आणि स्ट्रोक कुठेही सापडला, तर हे दोन्ही हिशेब करूनच पुढे जा.

बंद का पडली, हा खरा प्रश्न

बहुतेक ठिकाणी एक ओळ असते: 'आर्थिक अडचणींमुळे १९२९ मध्ये बंद.' एवढ्यावर थांबू नका. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आणि तो सत्कारणी लागला असं मला मनापासून वाटतं.

क्लायनोची मोटार वाईट नव्हती. आर्थर बूथ यांनी आखलेली साधी, हलक्या स्टिअरिंगची, चालवायला सोपी गाडी होती. रूट्स बंधूंसारखे तगडे विक्रेते पाठीशी होते. १९२६ च्या सुमारास खपात क्लायनो ब्रिटनमध्ये ऑस्टिन आणि मॉरिस यांच्यामागोमाग तिसरी होती, वर्षाला बारा हजारांच्या आसपास गाड्या. मग तीन वर्षांत होत्याचं नव्हतं कसं झालं?

शेजारच्याचा हिशेब मांडल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही. १९२१ च्या फेब्रुवारीत मंदी होती. विल्यम मॉरिस यांनी चार सीटच्या काउलीची किंमत ५२५ पौंडांवरून एकदम ४२५ केली. गाड्या धडाधड खपल्या. त्यानंतर त्यांनी आपल्याला माल देणारे कारखानेच विकत घ्यायला सुरुवात केली. १९२३ मध्ये हॉचकिसचा इंजिन कारखाना, त्याच वर्षी बॉडी बनवणारा, रेडिएटर बनवणारा, पुढे रिगलीचा कारखाना, १९२६ मध्ये एसयू कार्ब्युरेटर. म्हणजे मॉरिसची किंमत उतरत होती तेव्हा आत खर्चही खरोखर उतरत होता.

क्लायनोने धोरण धरलं की मॉरिस जी किंमत लावेल तीच आपण लावायची. पण पहिल्या गाडीचं इंजिन विकतचं, बराचसा मालही बाहेरचा, आणि पेलहॅम स्ट्रीटची जागा अपुरी. किंमत उतरली, खर्च तसाच राहिला.

हे मला इतकं झोंबलं त्याला कारण आहे. २०११ साली हळद पॉलिशच्या पुल्यांचं नव्वद नगांचं काम आलं होतं. कुपवाडच्या बाजूच्या एका मोठ्या कारखान्याचा रेट गिऱ्हाइकाने मला दाखवला आणि मी हट्टाने तोच रेट दिला. त्यांची स्वतःची भट्टी होती, ओतीव माल घरचा. मी फाउंड्रीतून किलोवर विकत घेणार. काम वेळेवर दिलं, एकही पुली परत आली नाही, माल उत्तम. आणि तीन महिने घरातून पैसे घालून पोरांचे पगार केले. त्यामुळे क्लायनोचा ताळेबंद वाचताना मला प्रत्येक आकडा कळत होता. माल चांगला असून धंदा बसतो. कसा बसतो ते आकड्यांतून वाचणाऱ्याला दाखवा.

पुढचं असं: १९२७ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनमधल्याच बुशबरीला मोठा नवा कारखाना उभा केला, आणि खर्चाचं ओझं वाढलं. त्याच सुमारास नऊ हॉर्सपॉवरची छोटी गाडी काढली. रूट्स बंधू स्वतःच हंबर आणि हिलमन या कंपन्यांत उतरले, क्लायनोला त्यांचा आधार राहिला नाही. १९२८ मध्ये शंभर पौंडांची गाडी काढायच्या ईर्षेने 'सेंच्युरी' नावाची स्वस्त गाडी आली, किंमत ११२ पौंडांच्या घरात. तिच्यात इतकी काटकसर केली होती की लोक तिला 'सेमेटरी' म्हणू लागले, म्हणजे दफनभूमी. आजवर हलक्या हाताने चालणारी सुबक गाडी म्हणून मिळवलेलं नाव त्या एका गाडीने घालवलं. १९२९ च्या फेब्रुवारीत रिसीव्हर, म्हणजे धनकोंच्या वतीने कंपनी ताब्यात घेणारा माणूस, नेमला गेला.

त्याच १९२९ मध्ये आपला आयर्विन पूल वाहतुकीला खुला झाला. वहीत ही दोन्ही सालं शेजारी आहेत.

बुडाल्यानंतरचाही माग काढा, तो बहुतेक जण सोडून देतात. यंत्रं कुठे गेली, सुटे भाग कुणी घेतले, आराखडे करणारा माणूस पुढे कुठे गेला? क्लायनोचे सुटे भाग बर्मिंगहॅमच्या कॉलिअर या व्यापाऱ्यांनी घेतले. आणि आर्थर बूथ यांनी पुढची छोटी गाडी आखली ती एजेएससाठी. तेच स्टीव्हन्स बंधू, ज्यांच्या इंजिनावर १९०९ मध्ये क्लायनोची पहिली मोटारसायकल चालली. वीस वर्षांनी क्लायनोचा माणूस त्यांच्याकडे गेला. ही ओळ लेकीला सापडली. ती ओरडलीच, "बाबा, पहिलं पान काढा!" १९३१ मध्ये एजेएसही मोडली आणि मोटारसायकलचं नाव लंडनच्या मॅचलेसने घेतलं.

लिहिताना

मराठीत लिहा. भागांची नावं आपल्या दुकानात जशी म्हणतात तशीच ठेवा: पिस्टन, क्रँक, आटे, बुश, पुली. ओढूनताणून प्रतिशब्द घालू नका. मात्र परकी नावं देवनागरीत एकाच पद्धतीने लिहा, आणि वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक नावाची इंग्रजी अक्षरं एकदा उतरवून ठेवा, नाहीतर पुढच्या माणसाला शोध पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागेल.

किमती रुपयांत बदलू नका. तेव्हाचे पौंड तेव्हाच्या पौंडांतच राहू द्या, शेजारी त्याच साली दुसरी गाडी कितीला होती ते लिहा. तुलना तेवढ्याने होते.

वहीचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. माझी आधीची बिलबुकं, जॉबची रेखाटनं, अण्णांच्या हातची मापांची डायरी, सगळं २०१९ च्या पाण्यात लगदा झालं. आता मूळ वही घरी वरच्या मजल्यावर आहे आणि फोटो लेकीकडे पुण्यात.

वस्तू कोरड्या कापडात ठेवा. पितळेला रबराचा किंवा वर्तमानपत्राचा स्पर्श नको, डाग पडतो. वर्षातून एकदा मशीन ऑइलचं बोट फिरवा. आणि तिला दोऱ्याने एक जाड कागदाची चिठ्ठी बांधा, पेन्सिलने लिहिलेली, कारण शाई पसरते. माझ्या टोपीच्या चिठ्ठीवर असं आहे:

'हबकॅप. पितळ, निकेल मुलामा. आटे ५५ अंश. क्लायनो मोटार, वुल्व्हरहॅम्प्टन, १९२२ ते १९२९. अण्णा मिस्त्रींकडून १९९८ साली मिळाली. कडेचा घाव आधीपासूनचा. बफ मारू नये. वही क्रमांक १ पाहा.'